एका वाक्यापुरती जागा

मी चिपसाठी प्रोग्राम लिहिते. कोपरखैरण्यात राहते, रबाळ्याला कामाला जाते, आणि इतकी वर्षं हेच करत आले तरी मी नक्की काय करते ते माझ्या घरच्यांना अजून सांगता येत नाही. चिप म्हणजे नखाएवढा काळा चौकोन. तो नुसता विकत आणून काही होत नाही. मी जे लिहिते ते त्या चिपला कळेल अशा रूपात करून देणारं एक सॉफ्टवेअर लागतं, त्याला कंपायलर म्हणतात. काही चिप कंपन्या तो फुकट देतात. काही देत नाहीत. त्या चिपचे पैसे घेतात, कंपायलरचे वेगळे घेतात आणि वर त्याला कुलूप लावून देतात. या विषयावर मला कोणी छेडू नये. मी सुरू झाले की थांबत नाही असं आमचे शेठ म्हणतात. म्हणू देत.

आमचा कारखाना म्हणजे एमआयडीसीतल्या आतल्या गल्लीतला एक गाळा. खाली पत्र्याचं काम, वर आम्ही. आम्ही बेबी वॉर्मर बनवतो. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्याला ज्याच्याखाली ठेवतात ते. वर हीटर असतो, खाली छोटी गादी, आणि बाळाच्या पोटावर चिकटपट्टीने एक सेन्सर लावलेला असतो. सेन्सर सांगतो बाळ किती गरम आहे, आणि चिप ठरवते हीटर किती तापवायचा. मोठ्या हॉस्पिटलांना परदेशी यंत्रं लागतात. आमची जातात ती छोट्या प्रसूतिगृहांत. पनवेल, उरण, पेण, अलिबाग, अशी.

शेठ इथल्याच खाडीकाठच्या गावातले. आधी घरची भातशेती होती, मग जमिनी गेल्या, मग त्यांनी गावातच इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या वेळची गोष्ट. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, पहिली मुलगी झाली ती सातव्या महिन्यात. तिला वॉर्मरखाली ठेवलं होतं. एका दुपारी यंत्राचा हीटर बंद पडला. यंत्र टूं-टूं वाजलं, पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि आकडा आला. तिथल्या आयाला तो वाचता येईना. आवाज आला की हे बटण दाबायचं एवढं तिला शिकवलं होतं, ते तिने दाबलं. आवाज थांबला. पोरगी गार पडत गेली आणि संध्याकाळी संपली.

त्यानंतर काही वर्षांनी शेठनी हा कारखाना काढला. मी लागले तेव्हा त्यांनी मला कामाची एकच अट घातली. पडद्यावर आकडा नको. जे झालंय ते मराठीत लिहून आलं पाहिजे, आयाला वाचता येईल असं. मी म्हटलं, होईल. ती वाक्यं वहिनींनी सांगितली. वरच्या मजल्यावर माझ्या टेबलासमोर स्टूल घेऊन बसायच्या आणि सांगायच्या, आणि मी त्यांच्या आगरी बोलीचं शाळेच्या मराठीत करून घ्यायची. ‘बाळ गार पडतंय, हीटर बघा.’ ‘बाळ जास्त तापलंय, हीटर बंद केलाय.’ ‘पोटावरची पट्टी सुटली, परत लावा.’ ‘लाइट गेली, बाळाला गुंडाळा.’ अशी वीसेक वाक्यं होती. दुसऱ्या कोणाचं यंत्र असं बोलत नव्हतं. आया लोक फोन करून सांगायच्या, तुमचं मशीन बरं आहे, समजतं. वहिनी त्या फोनांची वाट बघायच्या. त्यांना पुढे दोन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली, पण त्या यंत्राच्या पडद्यावरचा शब्द न् शब्द त्यांच्या त्या पोरीसाठी होता, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नसे.

आता कुलपाची गोष्ट. आमच्या चिपचा कंपायलर विकतचा होता, आणि त्याबरोबर पेन ड्राइव्हसारखी दिसणारी एक लायसन्सची चावी आली होती. ती कॉम्प्युटरला लावली तरच कंपायलर उघडायचा. काढली की सगळं ठप्प. मी त्या चावीला फार जपायची. कोणी टेबलाजवळ चहा घेऊन आलं तरी खेकसायची. ‘हा आपला सगळ्यात मोठा देव आहे, हा रुसला तर गाळ्याला टाळं,’ असं मी येताजाता म्हणायची.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वहिनी स्वतः येतात. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, पान्हे, ड्रिल मशीन, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग खाली पत्र्याच्या मशीनला मोठा हार. त्या दिवशी मी जरा उशिरा पोचले. वर जाऊन बघते तो काय, ताम्हणात बाळकृष्ण ठेवावा तशी माझी चावी ठेवलेली, आणि वहिनी तिच्यावर पळीने पंचामृत घालतायत. दूध, दही, मध, साखर, तूप, सगळं साग्रसंगीत.

‘वहिनी! अहो हे काय केलंत?’

‘देवाला अंघोल घातली,’ त्या म्हणाल्या. ‘तूच बोलतेस ना बाय, यो सगल्यान मोठा देव हाय म्हनून. बाकी हत्यारांना पानी शिंपडलं. याला नुसतं पानी कसं चालंल?’

मी कपाळाला हात लावला. रागवायचं तरी कोणावर? वहिनींनी इतक्या भक्तिभावाने केलेलं होतं. मी म्हटलं, आता दोन-तीन दिवस हिला हात लावू नका, पूर्ण सुकू दे. मी धुवायला स्पिरिट आणायला खाली उतरले आणि तेवढ्यात शेठनी शहाणपणा केला. बायकोची चूक निस्तरायची म्हणून त्यांनी चावी रुमालाने खसाखसा पुसली आणि चालते का बघायला कॉम्प्युटरला लावली. आत मध होता, दही होतं. ती गरम झाली, करपल्याचा वास आला आणि देव गेला.

एजंटला फोन केला. हा एजंट म्हणजे अंधेरीचा एक सज्जन माणूस, चिप आणि कंपायलर दोन्ही त्याच्याकडूनच यायचे.

‘मॅडम, ती व्हर्जन आता बंद झाली,’ तो म्हणाला. ‘कंपायलरवाली कंपनीच दुसऱ्यांनी घेतली ना. जुनी चावी चालू कंडिशनमध्ये परत पाठवली तर ते बदलून देतात.’

‘चालू असती तर परत कशाला पाठवली असती?’

‘पॉलिसी आहे, मॅडम.’

नवीन घ्यायचा तर आता दरवर्षी भाडं, आणि तेही बाहेरच्या ऑफिसातून मंजुरी आली की मग. केव्हा येईल ते त्यालाही सांगता येईना. माझं डोकं सणकलं. मी त्याला सुनावलं, की तुमची चिप मी घ्यायची, आणि तिच्याशी बोलायला मात्र तुमची परवानगी घ्यायची? उद्या कुकर विकाल आणि झाकणाचं भाडं लावाल. कंपायलर फुकटच द्यायला पाहिजे तुम्ही. तो नसेल तर ती चिप म्हणजे खडा आहे, दगड.

तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, तो कंपायलर पण तुमच्यासारखंच कोणीतरी बसून लिहितं. तुम्ही प्रोग्राम फुकट लिहिता का?’

त्याचंही खरंच होतं. कोणी माझं काम फुकट मागितलं तर मी त्याला जिन्यावरून खाली सोडून येईन. पण तरी माझं म्हणणं असं, की त्या लिहिणाऱ्याचा पगार चिपच्या किमतीत धरा. दोन पैसे जास्त घ्या चिपला, मी देईन. पण माझ्या हातचं काम माझ्या हातात राहू द्या. मी लिहिलेली ओळ मलाच बदलता येऊ नये, हे कुठलं शहाणपण?

जेवायच्या सुट्टीत डबा उघडून मी हे सगळं शेठना ऐकवलं. ते बोंबलाची चटणी भाकरीवर घेत म्हणाले, ‘मॅडम, आमच्या काकांचं मिठागर होतं. मीठ ओढायचं फावडं आमाला कोनी फुकट दिलं नाय. आपल्या पैशाचं फावडं असलं म्हंजे कोनाचं ऐकायला लागत नाय. फुकट दिलेलं कधी काढून घेतील याचा काय भरोसा?’

‘आणि हे विकत घेतलेलं? हे नाही काढून घेतलं?’

शेठ भाकरीचा तुकडा मोडत बसले. फावडं मोडलं तर सुताराकडून दांडा घालून आणता येतो. आमचं फावडं दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर फावडं होतं.

तरी तेव्हा आम्ही निवांतच होतो म्हणायचं. प्रोग्राम तयार होता. त्याची तयार प्रत चिपमध्ये भरायला कंपायलर लागत नाही, नवीन यंत्रं निघत होती. अडणार होतं ते फक्त काही बदल करायची वेळ आली तर. एवढी वर्षं यंत्र नीट चालत होतं, बदल कशाला लागतोय, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. दिवाळी झाली.

मग करंजाड्याहून डॉक्टरबाईंचा फोन आला. तिथे त्यांचं छोटंसं प्रसूतिगृह आहे, आमचे दोन वॉर्मर आहेत. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या, आणि ते जास्त वाईट. बाळाच्या पोटावरची चिकटपट्टी अर्धवट सुटली होती. पूर्ण सुटली असती तर आमच्या यंत्राने ओळखलं असतं. अर्धवट सुटली, म्हणून सेन्सरला बाळाऐवजी पंख्याची हवा लागत होती. त्याला वाटलं बाळ गार आहे. हीटर तापत राहिला, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत येत राहिलं, ‘बाळ गार पडतंय, हीटर बघा.’ बाईंनी राउंडला येऊन हात लावला तर बाळ लालबुंद झालेलं, भट्टीतून काढल्यासारखं गरम. वेळेवर बघितलं म्हणून वाचलं.

वहिनी त्या वेळी खाली पॅकिंगपाशी होत्या. त्यांना सांगायचं कोणी? शेठनीच सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, ‘आपल्या मशीननं खोटं सांगितलं.’

चूक मला दुपारपर्यंत सापडली. हीटर तापतोय तरी सेन्सरचं तापमान वर चढत नाही, म्हणजे सेन्सर बाळाला लागलेलाच नाही, मग हीटर बंद करा आणि घंटा वाजवा. चार ओळींचं काम. मी त्या लिहिल्या. माझ्या समोर पडद्यावर त्या चार ओळी होत्या, आणि त्या चिपमध्ये घालायला माझ्याकडे काहीही नव्हतं. कंपायलर चावी मागत होता. असा संताप मला आयुष्यात थोड्याच वेळा आला असेल. तिकडे कितीतरी गावांत बाळं आमच्या यंत्राखाली झोपलेली, इकडे उपाय लिहून तयार, आणि मध्ये कोणाची तरी पॉलिसी.

आम्ही सगळीकडे फोन केले. यंत्र बंद ठेवा, निदान दर थोड्या वेळाने हात लावून बघा. सगळे हो म्हणाले. पेणचे एक डॉक्टर म्हणाले, ‘बंद कसं ठेवू? दुसरं नाही माझ्याकडे. आज दोन बाळं आहेत.’

लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून कंपायलरची कुलूप तोडलेली कॉपी आणता येईल, असं आमच्यातल्याच एकाने सुचवलं. एरवी मीच म्हटलं असतं, आण. पण पोराच्या डोक्यावर तापणारं यंत्र, आणि त्याचा प्रोग्राम अशा कंपायलरमधून काढायचा, ज्याच्या आत कोणा चोराने काय ढवळाढवळ केलीय ते माहीत नाही? माझा धीर झाला नाही. एजंटला परत फोन लावला, या वेळी भांडायला नाही. मी काय झालं ते सांगितलं. त्याने आपल्या परीने बाहेर फोनाफोनी केली असावी, पण मंजुरी काही आली नाही. शेवटी तो म्हणाला, ‘मॅडम, फुकटची व्हर्जन आहे ना त्याची. शिकणाऱ्यांसाठी देतात. चिपवाल्या कंपनीने धंद्यासाठी वापरायलापण परवानगी दिलीय. कंपायलर तोच, चावी लागत नाही. फक्त प्रोग्रामला मापाची मर्यादा आहे.’

म्हणजे बघा. मी ज्याच्यासाठी गळा काढत होते ते फुकटचं साधन होतंच. उतरवून घेतलं, प्रोग्राम घातला, आणि त्याने तोंडावर सांगितलं की मोठा आहे, बसत नाही. थोडाथोडका नाही, निम्मा कमी करायला हवा होता.

निम्मा म्हणजे काय, ते मला आकडे न बघता कळलं. इंग्रजी अक्षरं पडद्यात आधीपासून भरलेली असतात, मराठी नसतात. आम्ही प्रत्येक अक्षराचं, प्रत्येक काना-मात्रेचं, प्रत्येक जोडाक्षराचं वेगळं चित्र काढून प्रोग्राममध्ये ठेवलं होतं. प्रोग्रामातली निम्मी जागा वहिनींच्या वाक्यांनी व्यापलेली होती. ती काढली की बाकी सगळं बसत होतं, चार नव्या ओळींसकट. जास्तीची मेमरी लावायची तर बोर्ड नवा, सगळ्या चाचण्या नव्याने, त्याला महिने लागले असते. मी दोन दिवस इकडून तिकडून कातरून बघितलं. घड्याळ काढलं, जुन्या नोंदी काढल्या, कंपनीचं नाव काढलं. चिमूटभर जागा निघाली. बाकी हात टेकले.

शेठना सांगितलं तर ते भडकले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा.

‘म्हंजे परत आकडे? ज्याच्यापायी माझी पोर गेली तेच आकडे मी माझ्या मशीनवर टाकू?’

‘शेठ, आज त्या मशीनवर मराठी आहे आणि त्या मराठीने करंजाड्याचं पोर भाजलं असतं!’

बोलले आणि मला वाटलं, जीभ झडावी माझी. शेठ खुर्चीत बसले. एवढा मोठा माणूस, पंच्याने तोंड पुसत राहिला. मीही रडले, लाज कसली त्यात. फुकटच्या साधनाबद्दल मी एवढी भाषणं ठोकली होती, आणि ते देणाऱ्याने आपल्या हिशेबाने माप कापलं होतं. त्या मापात इंग्रजी मावत होती, आमची भाषा मावत नव्हती. त्यांनी काही मुद्दाम केलेलं नव्हतं. आमचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नसेल, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

वहिनींना मी स्वतः सांगितलं. त्याच स्टुलावर त्या बसल्या. मी सगळं समजावलं, जागा किती, वाक्यं किती, का काढावी लागतायत. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर शेठसारख्या चिडतील. त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, ‘सगलीच काढायला लागतील?’

मी हिशेब करून बघितला होता. चिमूटभर जागा उरली होती ती एका छोट्या वाक्याची. घंटा कुठल्याही कारणाने वाजली तरी तेच एक वाक्य येईल, आणि खाली डॉक्टरांसाठी आकडा. मी म्हटलं, ‘एक राहील. छोटंसं. कुठलं ठेवू ते तुम्ही सांगा.’

मी यादी वाचायला लागले. ‘पट्टी परत लावा’ ठेवू? ‘बाळाकडे बघा’? मला वाटत होतं ‘नर्सला बोलवा’ सगळ्यात बरं. वहिनी मान हलवत राहिल्या. नाय. नाय. यातलं कुठलंच नको.

‘आयेला बोलवा, असं लिही,’ त्या म्हणाल्या.

‘आईला? वहिनी, आई काय करणार? ती बाळंतीण, टाके पडलेले. तिला मशीनमधलं काय कळतंय?’

‘नर्स तितंच असते. तिला घंटा आयकायला येते. आयेला कोन सांगतं?’ त्या जराही आवाज न चढवता बोलत होत्या. ‘मी बाजूच्या खोलीन होते, बाय. मदी एक भिंत. जागी होते. घंटा मना आयकाया आली, मना काय म्हाईत ती माज्या पोरीची हाय म्हनून. दुपारभर पोर गार होत व्हती, आनी मी भिंतीकरं तोंड करून परली होते. कोनी येऊन नुसतं ऊठ बोललं असतं ना, तर मी जाऊन तिला पोटाशी धरली असती. मशीन नाय, काय नाय. मशीनपरीस गरम होतं माजं आंग.’

एवढ्या वर्षांत त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. शेठनाही नाही. ते दाराशी उभे होते, त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मी वळून कॉम्प्युटरकडे तोंड केलं आणि अक्षरांची चित्रं काढायला घेतली. ‘आईला बोलवा’ एवढंच. बसलं.

बाकीची सगळी वाक्यं मी एकेक करून पुसली. वहिनी शेवटपर्यंत तिथेच बसून होत्या. पुसण्याआधी मी प्रत्येक वाक्य वाचून दाखवायची, त्या ‘हां’ म्हणायच्या, मग मी पुसायची. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. पण न सांगता पुसणं बरं वाटेना.

पहिला बदल करायला आम्ही तिघं करंजाड्याला गेलो, शेठच्या गाडीतून. इमारत नवी, अजून खाली दुकानांचे गाळे रिकामे, आणि वर पहिल्या मजल्यावर डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह. बाईंना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ‘आईला बोलवा’ ऐकून त्या म्हणाल्या, ‘चालेल. खरं तर तेच करायला पाहिजे. पोर आईच्या अंगावर दिलं की निम्मं काम होतं.’ दोन्ही वॉर्मर रिकामे करून ठेवले होते. मी नवा प्रोग्राम भरला.

चाचणीला बाळ नको होतं. वहिनींनी शेकायची रबरी पिशवी आणली होती, तिच्यात कोमट पाणी भरलं, दुपट्यात गुंडाळली आणि गादीवर ठेवली. मी पिशवीवर सेन्सर चिकटवला. तिथली आया नुकतीच कामाला लागलेली होती, विदर्भातून आलेली, गोल चेहऱ्याची. तिला म्हटलं, तुम्ही इथे उभ्या राहा, पडद्यावर काय येतं ते मोठ्याने वाचा, आणि ते सांगेल तसं करा.

मी चिकटपट्टी अर्धी सोडवली. हीटर थोडा तापला, आणि मग चार ओळींनी आपलं काम केलं. हीटर बंद झाला. घंटा वाजायला लागली.

‘आईला बोलवा,’ आयाने वाचलं. एका दमात, न अडखळता. मग ती वळली, दुपट्यातल्या पिशवीकडे बघून जरा हसली आणि मला म्हणाली, ‘ताई, आता इथं आई कोण हाय? कोणाले बोलवू?’

मी काही बोलायच्या आत वहिनी पुढे झाल्या.

‘मना बोलव,’ त्या म्हणाल्या. ‘मी हाय.’

त्यांनी दुपट्यासकट ती पिशवी उचलली आणि पोटाशी धरली, दोन्ही हातांनी, मान खाली घालून. आयाचं हसू विरलं. शेठ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. घंटा वाजत होती. ती बंद करायचं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही.